ह्यूगो बसवताना: वाचकांचे प्रश्न

लिनक्सवर स्टॅटिक साइट (आधीच बनवून ठेवलेल्या पानांची साइट) उभारणाऱ्यांचे प्रश्न फिरून फिरून तेच येतात, म्हणून उत्तरे एकत्र देतो. बहुतेकांचा जनरेटर, म्हणजे लेखांच्या फाइलींतून ती पाने बनवणारा प्रोग्राम, ह्यूगो आहे, तोच धरला आहे. कमांड इथे देवनागरीत आहेत. टर्मिनलवर इंग्रजीतच टाइप करा.

उबुंटू २२.०४ वर ‘ॲप्ट’ने (उबुंटूच्या पॅकेज-इन्स्टॉलरने) ह्यूगो घेतला. नवी थीम टाकली की एरर येते.

ॲप्टमधला ह्यूगो जुना असतो. उबुंटू २२.०४ मध्ये ०.९२, डेबियन १२ मध्ये ०.१११; नव्या थीमना बहुधा त्याच्या बऱ्याच पुढची आवृत्ती लागते. ह्यूगोच्या गिटहब पानावरून ‘एक्स्टेंडेड’ नावाची .डेब फाइल घ्या, चेकसम (फाइल बिघडलेली नाही हे तपासायचा आकडा) जुळवा, मग ‘सुडो ॲप्ट इन्स्टॉल ./फाइलचे-नाव’. ते ‘./’ गाळलेत तर ॲप्ट तुमची फाइल सोडून भलतेच पॅकेज शोधत बसतो. कॉम्प्युटर ऑफिसचा असेल तर आधी ॲडमिनला विचारा.

एका व्हिडिओत ‘कर्ल’चे आउटपुट (नेटवरून उतरवलेली स्क्रिप्ट) थेट ‘सुडो बॅश’ला (ॲडमिनच्या हक्काने चालवायला) द्यायला सांगितले आहे. देऊ का?

नाही.

सकाळी दहाची वेळ टाकलेला लेख दुपारी बारालाही दिसत नाही. संध्याकाळी पुन्हा बिल्ड केले (पाने नव्याने बनवली) की दिसतो. ‘ड्राफ्ट’ (लेख कच्चा असल्याची खूण) तर फॉल्स आहे.

कॅशेला दोष देणारे पुष्कळ भेटतील, ऐकू नका. तारखेपुढे टाइमझोन नसेल तर ह्यूगो ती वेळ यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) धरतो. तुमचे सकाळचे १०:०० म्हणजे भारतात दुपारचे ३:३०. तोवर तो लेख ‘भविष्यातला’ म्हणून वगळला जातो. तारखेला +०५:३० जोडा, किंवा कॉन्फिगमध्ये ‘टाइमझोन’ला ‘एशिया/कोलकाता’ द्या. दुबई-न्यू जर्सीकरांनी आपापला झोन.

फाइलचे नाव मराठीत ठेवले, तर लिंक हातभर लांब होते.

होणारच. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. काना, वेलांटी, हलन्त सगळे वेगळे मोजले जातात. ‘मराठी’ म्हणजे पाच चिन्हे, पंधरा बाइट, आणि टक्केवारी-खुणांनी (%) लिहिलेल्या लिंकमध्ये ४५ अक्षरे. शिवाय लिनक्समध्ये फाइलच्या नावाला सहसा २५५ बाइटांची मर्यादा, म्हणजे ८५ चिन्हे. शीर्षक मराठीतच राहू द्या, ‘स्लग’ (लिंकमधले नाव) रोमनमध्ये द्या. जुना पत्ता ‘एलियासेस’मध्ये (जुन्या पत्त्यांच्या यादीत) नोंदवा, नाहीतर लोकांनी पाठवलेल्या लिंका मरतील.

होस्टिंगवाला एसएसएलचे (साइट सुरक्षित ‘https’वर चालवण्याच्या सर्टिफिकेटचे) वर्षाला वेगळे पैसे मागतो.

लेट्स एन्क्रिप्टचे सर्टिफिकेट फुकट मिळते आणि सर्टबॉट हा प्रोग्राम ते आपोआप नवे करतो. ते चालते का, एसएसएच (सर्व्हरवर दुरून लॉगिन) मिळते का, हे त्याला लेखी विचारा. आडवळणाने बोलू लागला तर दुसरा होस्ट बघा. स्टॅटिक साइटला पीएचपी लागत नाही, मायएसक्यूएलही नाही. ‘बिझनेस प्लॅन’ कशाला?

मित्राने अपलोडसाठी ‘आरसिंक -एव्ही --डिलीट’ ही फोल्डर सर्व्हरवर पाठवणारी कमांड दिली आहे. चालेल ना?

चालेल, पण इथेच सगळ्यात जास्त साइटी उडतात, म्हणून नीट वाचा. ‘--डिलीट’ म्हणजे तुमच्याकडे नाही ते सर्व्हरवरूनही पुसणे. आता मुक्कामाचा पत्ता ‘पब्लिक_एचटीएमएल’ऐवजी (सर्व्हरवरच्या साइटच्या फोल्डरऐवजी) चुकून होम फोल्डरचा दिलात तर? शेअर्ड होस्टिंगवर तिथेच मेल, एसएसएचच्या किल्ल्या आणि दुसऱ्या साइटी असतात. सगळे साफ, आणि परत मागायची सोय नाही.

दुसरी खोच तिरक्या रेघेची. ह्यूगो बनवलेली पाने ‘पब्लिक’ फोल्डरमध्ये ठेवतो. ‘पब्लिक/’ लिहिले तर आतला मजकूर जातो. रेघ गाळून ‘पब्लिक’ लिहिले तर तिकडे ‘पब्लिक’ नावाचा फोल्डर तयार होतो, मूळ साइट जुनीच राहते आणि तुम्ही तासभर ब्राउझरला शिव्या देता.

तिसरे, बिल्ड आणि अपलोड ‘;’ने जोडू नका, ‘&&’ने जोडा. आधी ‘पब्लिक’ पुसले आणि बिल्ड मध्येच पडले, तर ‘;’मुळे अर्धवट साइट वर जाते आणि वरची उरलेली पुसली जाते.

म्हणून दर वेळी आधी ‘-एन’ लावून कोरडी फेरी (काही न बदलता फक्त काय होईल ते दाखवणारी) काढा. ‘डिलीटिंग’ने सुरू होणारी प्रत्येक ओळ वाचा, ओळखीची नसेल तर थांबा. सर्व्हरवर हाताने ठेवलेल्या फाइली ‘स्टॅटिक’ फोल्डरमध्ये घ्या किंवा ‘--एक्सक्लूड’ करा. पत्त्याची शंका असेल तर होस्टच्या सपोर्टला विचारूनच एंटर दाबा; ‘बघू काय होते’ ही पद्धत इथे नको.

बॅकअप म्हणून ‘पब्लिक’ फोल्डर ठेवला तर पुरेल?

नाही. ‘कंटेंट’, ‘स्टॅटिक’, ‘लेआउट्स’, थीम आणि कॉन्फिग गिटमध्ये (फाइलींचे जुने बदल जपणाऱ्या प्रोग्राममध्ये) ठेवा, आजच.