सहाव्या सेमला इलेक्टिव्ह कुठला घेऊ, क्लाउड की मशीन लर्निंग? सगळे म्हणतात मार्क पडतात तो घे

"सगळे म्हणतात" हे वाचलं आणि लिहायला बसलो. मी खानापूर तालुक्यातला, दहावीपर्यंत मराठी मीडियम, बीई बेळगावात. आमचं कॉलेज ऑटोनॉमस, म्हणजे विषय स्वतः ठरवणारं, आणि कंपायलर डिझाईन, म्हणजे लिहिलेला प्रोग्राम मशीनच्या भाषेत कसा बदलतात तो विषय, इलेक्टिव्हमध्ये, म्हणजे आपण निवडायच्या विषयांत टाकलेला. मला तोच पाहिजे होता, पण पुरेशी पोरं नसली तर कॉलेज इलेक्टिव्ह चालवत नाही, मग कागद घेऊन हॉस्टेलपासून टिळकवाडीतल्या रूमपर्यंत फिरलो, एकेकाला पटवलं. रूममेट म्हणाला माझं नाव पहिलं लिही. फॉर्मच्या दिवशी बघतो तर तो आणि त्याच्या मागनं आणखी चौघं सोप्या विषयात. विचारलं तर म्हणे, "कंपायलर शिकून काय करणार हैस, गुगलला जाणार हैस काय?" विषय बंद पडला, मलाही तिथंच बसावं लागलं. मार्क चांगले पडले. त्यातलं आज एक अक्षर आठवत नाही.

कंपायलर मग रात्री एनपीटीईएलवर, म्हणजे आयआयटीवाल्यांच्या ऑनलाइन कोर्सवर, फुकट बघितला. टोकन पाडणं म्हणजे ओळीचे तुकडे करणं, ग्रामर म्हणजे भाषेचे नियम, पार्सर म्हणजे त्या नियमांनी ओळ वाचणारा प्रोग्राम. आणि उपयोग कुठं झाला, तर उद्यमबागेत मामांच्या वर्कशॉपात! व्हीएमसी म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं धातू कापायचं मशीन, त्याला हुकूम द्यायचा जी-कोड पण भाषाच आहे. जी झिरो म्हणजे टूल फुल स्पीडनं पळणार, जी वन म्हणजे दिलेल्या फीडनं, ठरवून दिलेल्या वेगानं, कापत जाणार. वनच्या जागी झिरो पडला की टूल जॉबवर, म्हणजे कापायच्या तुकड्यावर, आदळतं, दोन्ही गेलं. आणि जी वन एकदा दिला की बदलेपर्यंत चालूच राहतो, पुढच्या ओळींत लिहीतच नाहीत, त्यामुळं नुसतं शोधून चूक सापडत नाही, मशीन आत्ता कुठल्या मोडमध्ये आहे हे ओळीओळीला लक्षात ठेवावं लागतं. तेच करणारा छोटा पार्सर लिहिला. झेड, म्हणजे टूलची उंची, जॉबच्या आत असताना जी झिरो आला, किंवा एम थ्री देऊन टूल धरलेला स्पिंडल फिरवायच्या आधीच कटिंग सुरू झालं, तर ओळ नंबर दाखवतो. मामा नववी शिकलेले, पण बघून म्हणाले, "हे कॉलेजात शिकलास व्हय?" काय सांगणार त्यांना.

तर क्लाउड नको, तो नोकरीत लागला की शिकता येतो. मशीन लर्निंग घे, पण लिनिअर अल्जेब्रा आणि प्रोबॅबिलिटी पक्की असली तरच, नाहीतर लायब्ररी इम्पोर्ट करून चार ओळी चालवणार एवढंच. लिस्टमध्ये कंपायलर किंवा अ‍ॅडव्हान्स्ड आर्किटेक्चर असेल तर दोन्ही सोड आणि ते घे. मार्कांसाठी विषय घेणारे चार वर्षं फी भरून परीक्षाच देऊन येतात, हे त्या रूममेटला मी तेव्हाही तोंडावर सांगितलेलं, आजही सांगीन.

हां, बॅकलॉग असतील किंवा प्लेसमेंटच्या कटऑफच्या काठावर असशील तर सोपा घे, घरचं कर्ज माझ्या सल्ल्यानं फिटणार नाही. आणि अवघड विषयासाठी पोरं गोळा करणार असशील तर तोंडी हो वर जाऊ नको, फॉर्म भरताना प्रत्येकाच्या बाजूला जाऊन उभा राहा.