जपानच्या खेड्यात मुक्काम: तुमचे प्रश्न, माझी उत्तरं

मागच्या अंकात गिफू प्रांतातल्या शिराकावा-गो गावाबद्दल लिहिलं होतं. उंच, उतरत्या गवती छपरांची घरं, 1995 पासून जागतिक वारसा यादीत, आणि आजही माणसं राहतात अशी. त्यावर आलेल्या पत्रांत बुलेट ट्रेनबद्दल कुणीच विचारलेलं नाही, याचं मला बरं वाटलं. प्रश्न आहेत ते जेवणाचे, आंघोळीचे आणि बसचे. खेड्यात अडतं ते तिथेच.

प्रश्न: आम्ही दोघंही साठीच्या पुढचे, पूर्ण शाकाहारी, अंडंसुद्धा नाही. एप्रिलअखेर ताकायामा शहर आणि शिराकावा-गोला जाणार आहोत. दोन रात्री मिन्शुकूत, म्हणजे घरगुती मुक्कामात. जेवणाचं कसं करावं? थेपले, लोणचं आणि छोटी शेगडी नेतोय.

उत्तर: शेगडी घरीच राहू द्या. ही घरं लाकूड आणि गवताची. एकाला आग लागली की बाकीचं काम वारा करतो. म्हणून शिराकावा-गोच्या ओगिमाची नावाच्या वस्तीत जागोजागी पाण्याच्या तोफा बसवल्या आहेत आणि दर शरदात त्या एकदम सोडून तपासतात. सिगारेट ओढायची तर ठरवून दिलेल्या जागीच. तुम्ही विचारलं नाहीत तरी सांगते, सकाळी खोलीत उदबत्ती किंवा निरांजन लावू नका. नुसते हात जोडा.

शाकाहारी जेवण मिळेल, पण आधी कळवलंत तरच. मिन्शुकूचा स्वयंपाक बहुतेक वेळा त्या घरातलीच एक-दोन माणसं करतात. पाहुणे किती, कोण काय खात नाही, हे बघून सामान आणलेलं असतं. संध्याकाळी सहाला ताटं मांडून झाल्यावर "आम्ही व्हेज आहोत" म्हणालात तर यजमानीणबाई कानकोंड्या होतात आणि तुमच्यासमोर उरतो भात नि लोणचं.

खोली घेतानाच लिहा, आणि "शाकाहारी" एवढं लिहून थांबू नका. मांस नको म्हटलं की मासा येतो. मासाही नको म्हटलं तरी दाशी उरतंच. मिसोचं, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या वाटणाचं सूप, शिजवलेल्या भाज्या, सोबा नावाच्या शेवया बुडवून खायचा रस, या सगळ्याच्या मुळाशी दाशी नावाचं पातळ पाणी असतं. ते बहुधा कात्सुओबुशीचं, म्हणजे वाळवलेल्या बोनिटो माशाच्या किसाचं. रांधणाऱ्याच्या लेखी तो मासा नव्हेच, नुसती चव. तेव्हा यादीच द्या: मांस, चिकन, मासे, कोळंबी-शिंपले, अंडी आणि माशाचं दाशी चालत नाही; कोम्बू या समुद्री शेवाळाचं दाशी चालतं, दूध चालतं. टेम्पुरा, म्हणजे तिकडची भजी, त्याच्या पिठात अंडं असू शकतं, तेही विचारून घ्या. हे सगळं जपानीत करून पाठवा आणि एक छापील प्रत खिशात ठेवा.

कधी कधी उलट उत्तर येतं की जमणार नाही. त्यावर हट्ट धरू नका. खोटं आश्वासन देऊन ताटात काहीतरी ढकलण्यापेक्षा हा नकार लाखाचा. मग जेवणाशिवाय खोली घ्यायची, त्याला तिकडे सुदोमारी म्हणतात, नाहीतर दुसरं घर शोधायचं. दाशी चालवून घ्यायचं की नाही, हे मात्र दोघांनी घरीच ठरवून निघा. तिथे ताटावर बसून कुजबुजत ठरवू नका, ते फार वाईट दिसतं. चालत असेल तर डोंगरातल्या रानभाज्या, टोफू, मशरूम आणि पानावर भाजलेला होबा मिसो, असं उत्तम जेवाल. नसेल चालत तर वाकायामा प्रांतातलं कोयासान बघा. तिथल्या देवळांतल्या मुक्कामात साधूंचं जेवण असतं, त्यात मांस-मासे नाहीतच, कांदा-लसूणही नाही. ताकायामाहून ते लांब आहे, वेगळी वाट धरावी लागेल.

थेपले जरूर न्या. ते बसस्टॉपवर खा, लांब पल्ल्याच्या गाडीत खा. यजमानांच्या जेवणघरात स्वतःचा डबा उघडू नका, आणि तातामीवर लोणच्याची बाटली तर नकोच. गवताच्या त्या चटया तेल पिऊन घेतात, डाग जात नाही. बॅगही तातामीवरून चाकांनी ओढायची नसते, उचलून ठेवायची.

तारखांचंही बघा. 14 आणि 15 एप्रिलला ताकायामाचा वसंतोत्सव असतो, 29 एप्रिलपासून मेच्या पहिल्या आठवड्यापर्यंत देशभर सुट्ट्यांची झुंबड. मधले दिवस धरा.

प्रश्न: मोबाइलवर बसच्या वेळा दिसतात. तेवढ्यावर विसंबून खेड्यांत फिरता येईल का? की गाडी भाड्याने घ्यावी?

उत्तर: ताकायामा ते शिराकावा-गो बस सरळ आहे, साधारण 50 मिनिटं. काही बसना आरक्षण लागतं, तेवढं बघा. खरी कसोटी त्यापुढच्या लहान गावांची. तिथल्या वेळापत्रकात कामाच्या दिवसांचा रकाना वेगळा आणि शनिवार, रविवार, सुट्टीचा वेगळा असतो. काही बस तर शाळा असेल त्याच दिवशी धावतात. स्टॉपवर उतरलात की आधी परतीच्या पाटीचा फोटो काढा, मग देखावा बघा. शेवटची बस अंधार पडायच्या आधीच गेलेली असते आणि हात केला की थांबेल अशी टॅक्सी तिकडे नसते.

गावच्या बसमध्ये आणि एकाच कर्मचाऱ्याच्या छोट्या ट्रेनमध्ये पैसे उतरताना देतात. चढताना दाराशी एका यंत्रातून चिटोरं बाहेर आलेलं असतं, त्यावर आकडा. ते घ्यायचं. ड्रायव्हरच्या डोक्यावर फलक असतो, त्यात तुमच्या आकड्याखाली भाडं दिसतं आणि स्टॉपगणिक वाढत जातं. उतरताना चिटोरं आणि तेवढीच नाणी पेटीत टाकायची. त्याच पेटीला 1,000 येनची नोट मोडून देणारी फट असते. 10,000 ची नोट बहुधा ती घेत नाही. सुटे बस थांबलेली असताना आधीच करून ठेवा, म्हणजे उतरताना मागे रांग खोळंबत नाही. शहरातलं टॅप करायचं कार्ड इथे चालेलच असं नाही. रोख रक्कम लागते, ती टपाल कार्यालयाच्या किंवा सेव्हन-इलेव्हनच्या एटीएममधून परदेशी कार्डावर मिळते. खेड्यातलं टपाल एटीएम रात्री आणि सुट्टीला बंद असू शकतं.

गाडीचं म्हणाल तर सोपं आहे. आपल्यासारखंच डावीकडून चालवतात, आणि 1949 च्या जिनिव्हा करारानुसार दिलेला भारतीय आंतरराष्ट्रीय परवाना तिथे चालतो. तो निघण्यापूर्वीच आरटीओतून काढा, मूळ लायसन्सही जवळ ठेवा. हिवाळ्यात बर्फाचे टायर असल्याशिवाय डोंगरात जाऊ नका. वाटेत मिचि-नो-एकि अशी पाटी दिसली की थांबा. फुकट पार्किंग, चोवीस तास स्वच्छतागृह आणि आसपासच्या शेतकऱ्यांची भाजी-फळं. माझा जीव त्या थांब्यांत अडकतो.

प्रश्न: सासूबाई सोबत आहेत. त्यांना सगळ्यांसमोर कपडे काढून आंघोळ करायची नाही, आणि हातावर जुनं गोंदण आहे. ओन्सेन, म्हणजे गरम झऱ्याच्या पाण्याचं स्नानगृह, सोडूनच द्यावं का?

उत्तर: मुळीच नाही. बायका-पुरुषांचे हौद बहुतेक सगळीकडे वेगळे असतात, पण पोहण्याचा पोशाख घालून उतरता येत नाही, हे खरं. तुम्ही काशिकिरी, म्हणजे कुटुंबापुरतं तासाभरासाठी मिळणारं स्नानगृह असलेली जागा निवडा. लहान मिन्शुकूत तर हौद एकच असतो, आतून कडी लावून एकेका कुटुंबाने जायचं. गोंदणाचाही प्रश्न तिथेच मिटतो. मोठ्या सार्वजनिक ओन्सेनमध्ये गोंदणाला मनाई असू शकते, आजीचं असो की कुणाचंही, म्हणून आधी विचारा.

आत गेल्यावर स्टुलावर बसून साबण लावायचा, पूर्ण धुऊन काढायचा आणि मगच हौदात उतरायचं. केस वर बांधा. छोटा टॉवेल पाण्यात बुडवायचा नाही, डोक्यावर ठेवतात. आणि निघताना हौदाचं बूच काढू नका! तेच पाणी पुढच्या पाहुण्यांसाठी आहे. पाणी चांगलंच कढत असतं, सासूबाईंना रक्तदाबाचा त्रास असेल तर पाय बुडवून बसू द्या. बाहेर आल्यावर युकाता, म्हणजे तिथला सुती झगा, नेसताना डावी बाजू वर यायला हवी. उजवी वर घेतात ती मृतांना नेसवताना. शौचालयातल्या चपला तिथेच सोडायच्या, त्या घालून जेवणघरात अवतरू नये.

प्रश्न: फोटो काढलेले चालतात का?

उत्तर: डोंगराचे, छपरांचे, रस्त्याचे खुशाल काढा. दोरीवरचे कपडे, उघडं दार, शाळेतून येणारी मुलं, हे नको. भाताच्या बांधावर चढायचं नाही, मातीचे ते बांध पायाखाली ढासळतात आणि दुरुस्त शेतकऱ्याला करावे लागतात. वाटेत कुणी भेटलं तर "कोन्निचिवा" म्हणा, मान झुकवा. कॅमेऱ्याआधी हे झालं की पुष्कळ गोष्टी सोप्या होतात.

प्रश्न: यजमानांना टिप किती द्यावी?

उत्तर: काहीच नाही, दिलीत तर परत करायला मागे धावत येतील. घरून एखादा छोटा, सुटी सुटी पाकिटं असलेला गोड खाऊ न्या आणि दोन्ही हातांनी द्या. ताजी फळं-भाज्या आणि कढीपत्ता सामानात नको, विमानतळावरच काढून घेतील.

प्रश्न: कचराकुंड्या नसतात म्हणे?

उत्तर: फारशा नसतात. पिशवी जवळ ठेवा आणि दिवसभराचा कचरा खोलीतल्या डब्यात टाका. बाटल्या आणि पेयांचे रिकामे डबे मात्र बाजूला, धुऊन उभे ठेवा. ते वेगळे जातात.