सध्या भुकेची वाट पाहू नकोस, घड्याळ पाहून जेव

प्रश्न : ताई, नमस्कार. मी ३१ वर्षांची, मानेवाड्याला राहते, बँकेत नोकरी, मुलगी चार वर्षांची. बाळंतपणानंतर वजन ७८ किलोवर गेलं म्हणून फेब्रुवारीत जिम लावली. रोज सकाळी जिम, आठवड्यातून तीनदा संध्याकाळी झुंबा. ट्रेनरने १२०० कॅलरींचा चार्ट दिला आहे, पण तेवढंही जात नाही. सकाळी ब्लॅक कॉफी, दुपारी वाडगाभर काकडी-गाजर आणि एक भाकरी, रात्री सूप. अ‍ॅपवर बेरीज ७०० च्या आसपास येते. भूकच लागत नाही. सुरुवातीला सहा किलो उतरले, पण आता दीड महिना काटा हलत नाही. केस गळताहेत, दोन महिने पाळी आली नाही. परवा वेस्ट हायकोर्ट रोडच्या सिग्नलवर गाडीवर असतानाच डोळ्यांपुढे अंधारी आली. आई म्हणते, ‘वाळून राहिली तू, जेवत काऊन नाही?’ नवरा म्हणतो, भूक नाही तर कशाला खायचं, शरीराला सगळं कळतं. खरं सांगू? आकडा कमी आला की बरं वाटतं. जास्त खाल्लं तर पुन्हा वाढेन अशी भीती वाटते. रात्री झोप येत नाही, मग खाण्याचे व्हिडिओ पाहत पडते. माझं काही चुकतंय का?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : अगं, बाकी सगळं नंतर, आधी त्या अंधारीचं बोलू. मे महिन्यातलं नागपूरचं ऊन, पोटात फक्त कॉफी आणि तू दुचाकीवर. त्या सिग्नलला थांबलेली होतीस म्हणून निभावलं. डॉक्टरांना भेटेपर्यंत रिकाम्या पोटी गाडीला किल्ली लावायची नाही, एवढं आजच ठरव. पर्समध्ये फुटाण्यांची पुडी आणि शेंगदाण्याची चिक्की ठेव.

आणि डॉक्टरांकडे याच आठवड्यात जा. पाळी दोन महिने चुकली आहे, तेव्हा आधी घरी प्रेग्नन्सी टेस्ट कर. ती निगेटिव्ह आली तरी विषय संपत नाही. व्यायाम भरपूर आणि खाणं तोकडं असं बरेच दिवस चाललं की मेंदू बीजकोषाकडे जाणारे संदेश आवरते घेतो आणि पाळी थांबते. खेळाडू मुलींमध्ये हे इतकं दिसतं की २०१४ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने या अवस्थेवर वेगळं निवेदन काढलं. पाळी थांबलेलीच राहिली तर पुढे हाडं ठिसूळ होतात. तुझ्या बाबतीत हेच कारण आहे असं मी इथे बसून म्हणणार नाही. थायरॉइड, रक्त कमी असणं, बी-१२, हे सगळं तपासायला हवं, कारण थायरॉइड मंदावला किंवा हिमोग्लोबिन घसरलं तरी भूक कमी होते आणि केसही गळतात. फॅमिली डॉक्टर असतील तर त्यांच्याकडे जा, नाहीतर मेडिकल किंवा मेयो या आपल्या सरकारी रुग्णालयांच्या ओपीडीत. तिथे ‘अशक्तपणा आहे’ एवढंच मोघम सांगू नकोस. ७०० कॅलरी, रोज जिम, चुकलेली पाळी, गाडीवरची अंधारी, चारही गोष्टी याच शब्दांत सांग. जिममधून एखादी ‘फॅट बर्नर’ गोळी किंवा पावडर घेत असशील, वजन उतरवायचं इंजेक्शन कुणी दिलं असेल, तर तेही सांग. तू लिहिलं नाहीस, पण भूक मारणाऱ्या गोष्टींत आजकाल ही नावं असतात, म्हणून विचारते.

आता नवरोबांच्या वाक्याकडे येते. शरीराला कळतं, हे एरवी बऱ्यापैकी खरं आहे. ताप आला, अपचन झालं, की एखाद्या दिवशी भूक नसते आणि तेव्हा बळेच खाऊ नये. पण तुझी भूक सध्या चहूबाजूंनी दाबली गेली आहे. जोराचा व्यायाम झाला की काही वेळ भूक मरते, आणि नेमकं त्याच वेळी तू ऑफिसची घाई करून निघतेस. वर ब्लॅक कॉफी, तीही भूक लांबवते. उन्हाचं तर सांगायलाच नको, पारा ४५ च्या घरात गेला की धडधाकट माणसालाही दुपारी ताकाशिवाय काही नको वाटतं. दुपारी आधी वाडगाभर काकडी-गाजर खाल्लं की पोट पाण्याने आणि चोथ्याने भरतं, भाकरीला जागा उरत नाही. शिवाय भूक बरीचशी सवयीने चालते. रोज ज्या वेळी जेवतो त्या वेळेच्या सुमारास भुकेचं संप्रेरक वाढतं. तू महिनोन्‌महिने सकाळी काही खाल्लं नाहीस, तर सकाळी भूक यावी तरी कशी?

ती गेलेलीही नाही. तुझ्या पत्रातली व्हिडिओंची ओळ मी दोनदा वाचली. १९४४-४५ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात ३६ तरुण पुरुषांवर उपासमारीचा प्रयोग झाला होता. युद्धाने उपाशी राहिलेल्या लोकांना पुन्हा कसं खाऊ घालायचं हे शिकण्यासाठी. हे सगळे स्वतःहून आलेले, निरोगी होते. २४ आठवडे त्यांना रोज सुमारे १५७० कॅलरी आणि आठवड्याला ३५ किलोमीटर चालणं. हळूहळू ते चिडचिडे झाले, त्यांना सतत थंडी वाजायची, केस गळायला लागले, आणि एरवी स्वयंपाकघराशी संबंध नसलेली ती मुलं पाककृतींची पुस्तकं जमवून वाचत बसायची. रात्री मोबाईलवर कुणाचं तरी पुरण शिजताना पाहत तू जागी असतेस, ती तुझी भूकच आहे. पोटातून हाक मारून उपयोग होत नाही म्हणून ती डोक्यात जाऊन बसली आहे. आणि त्यांना १५७० होत्या बाई, तुला ७०० आहेत.

ट्रेनरच्या १२०० बद्दलही थोडं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या हिशेबात, ५५ किलो वजनाच्या, बसून काम करणाऱ्या बाईला दिवसाला १६६० कॅलरी लागतात. तू आज ७२ किलोची आहेस आणि वर जिम, झुंबा, लेकीच्या मागे पळणं. वजन उतरवायचं तर यातून थोडं कमी करावं लागेल हे खरं, पण तुझा आकडा १५०० ते १६०० च्या आसपास असायला हवा असा माझा अंदाज आहे. नेमका आकडा तुझी उंची पाहून आहारतज्ज्ञाकडून घे. ८०० च्या खालचा आहार तर डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय करायचाच नसतो. उंची, वजन, नोकरी काहीही असो, सगळ्यांच्या हातात तोच १२०० चा कागद देणाऱ्या ट्रेनरांचा मला मनापासून राग येतो.

मग इतकं कमी खाऊनही काटा का हलत नाही? कमी खाल्ल्याने चरबी वाढते असं कुणी सांगेल, ते खरं नाही. पण तोकड्या खाण्यात स्नायू झिजतात, शरीर खर्च आखडतं, माणूस नकळत कमी हलतो, जिन्याऐवजी लिफ्ट घेतो, बसला की उठत नाही. ताणामुळे पाणी साचतं आणि उतरलेलं वजन काट्यावर दिसत नाही. थोडी नोंदही सुटत असेल. फोडणीच्या एका चमचा तेलात ४५ कॅलरी असतात आणि लेकीच्या ताटातला शेवटचा घास कुणीच लिहीत नाही. पण ते धरूनही तुझं खाणं फार कमी आहे.

तर सध्या भूक लागायची वाट न पाहता वेळेवर खायचं. एकदम १५०० वर उडी मारू नकोस, पोट फुगेल आणि घाबरून सोडून देशील. दर चार-पाच दिवसांनी दीडशे-दोनशे वाढव. भूक नसताना चावायचा कंटाळा येतो, प्यायला जड जात नाही, हे लक्षात ठेवून सकाळपासून सुरुवात कर. जिमला जाण्याआधी केळं किंवा दोन खजूर. परत आल्यावर तासाभरात ग्लासभर दुधात दोन मोठे चमचे सातूचं पीठ आणि गूळ. आपल्याकडे सातू घरोघरी असतो, त्याला कुठल्याही डब्यातल्या पावडरीची सर नाही. कॉफी त्यानंतर. अंडी चालत असतील तर दोन उकडलेली, म्हणजे बारा ग्रॅम प्रथिनं झाली. तुझ्या वजनाला दिवसाला किमान ६० ग्रॅम हवीत आणि तू लिहिलेल्या दिवसात मला वीससुद्धा दिसत नाहीत. केसांचं कोडं बऱ्याच अंशी इथेच आहे.

मे महिन्यात नागपूरला नीट जेवायच्या वेळा दोनच, सकाळी नऊच्या आत आणि रात्री. दुपारच्या डब्यात दहीभात आणि जवसाची चटणी, किंवा ज्वारीच्या कण्या ताकात. काकडी शेवटी खा. चारच्या सुमारास मूठभर फुटाणे किंवा शेंगदाणे, सोबत पन्हं किंवा मठ्ठा. रात्री सुपाच्या जागी घट्ट वरण, भात, वर चमचाभर तूप, एखाद्या दिवशी पनीर नाहीतर सोयाबीन वड्यांची भाजी. तुपाला भिऊ नकोस. थोड्या घासांत ताकद देणाऱ्या गोष्टी तुला आत्ता हव्या आहेत. झुंबा महिनाभर बंद ठेव. डॉक्टर हो म्हणेपर्यंत जिममध्येही हलकंच.

आईला एक काम दे. ‘जेव, जेव’ म्हणत ती पुढ्यात पुरी टाकते आणि तुझी भीती वाढते, असं होत असणार. तिला सांग, आग्रह नको, पण सकाळचं सातूचं दूध तू करून हातात दे. ती आनंदाने करेल.

आता ज्या ओळीने मला खरी काळजी लागली ती. ‘आकडा कमी आला की बरं वाटतं.’ ६०० आले की ७०० पेक्षा बरं वाटणार, ५०० आले की त्याहून. डाएट इथे हातातून सुटतं आणि माणूस त्याच्या ताब्यात जातो. हे हुशार, नेटाने काम करणाऱ्या बायकांचं होतं, कारण त्यांना ठरवलेलं पाळता येतं. म्हणून अ‍ॅप महिनाभर फोनमधून काढून टाक, आहारतज्ज्ञाला काय खाल्लं ते वहीत लिहून दाखव, आकड्यांशिवाय. वजनकाटा आईकडे दे. कारण खाणं वाढवलं की पहिल्या दोन आठवड्यांत एक-दीड किलो वाढलेलं दिसेल, हे आत्ताच सांगून ठेवते. ती चरबी नसते. भात-भाकरीतली साखर शरीर स्नायूंत आणि यकृतात साठवतं आणि तिच्या दर ग्रॅमसोबत साधारण तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतं. ते पाणी पाहून तू पुन्हा सुपावर जाशील, ही मला भीती आहे.

आणि ताटासमोर बसल्यावर छातीत धडधडलं, खाल्ल्यावर ते ‘फेडायला’ पळावंसं वाटलं, किंवा उलटी काढावीशी वाटली, तर मानसोपचारतज्ज्ञाला भेटायला एक दिवसही लावू नकोस. टेलिमानसच्या १४४१६ या सरकारी नंबरवर केव्हाही फोन करून मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. नवऱ्याला हे पत्र वाचायला दे आणि डॉक्टरांकडे जाताना त्याला सोबत ने, गाडी त्यालाच चालवू दे.

रिपोर्ट आले की मला लिही. खाणं वाढवल्यावर पहिल्या आठवड्यात मनात काय काय आलं तेही लिही, कितीही क्षुल्लक वाटलं तरी.