धरण पाणथळ जाहीर झालं, तर मासेमारी बंद होईल का?

प्रश्न : हतनूर धरणाच्या फुगवट्यात आम्ही भोई वडिलांपासून मासे धरतो. मासेमारीचा ठेका शेजारच्या गावच्या सहकारी संस्थेकडे आहे. तिच्या एका पदाधिकाऱ्याला मी तीन वर्षांचे पैसे तोंडी बोलीवर दिले. आता तो जाळं टाकू देत नाही. त्यात पक्ष्यांसाठी धरण पाणथळ जाहीर होणार अशी गावात चर्चा आहे. विरोधाच्या निवेदनावर सही करू का? (मुक्ताईनगर तालुका)

उत्तर : भाऊ, सही करू नका. तुमच्या पोटावर पाय आलाय तो पक्ष्यांमुळे नव्हे, कागद नसल्यामुळे.

२०१७ च्या पाणथळ नियमांत अतिक्रमण, कचरा, प्रक्रिया न केलेलं सांडपाणी आणि काठालगत ५० मीटरच्या आतलं पक्कं बांधकाम यांना मनाई आहे. त्या बांधकामबंदीतूनही होड्यांचा धक्का वगळला आहे. मासेमारीवर सरसकट बंदी त्यात नाही. सिंचनासाठी बांधलेली धरणं तर एरवी या नियमांच्या व्याख्येतच बसत नाहीत. पुढेमागे अधिसूचना निघालीच, तर आधी मसुदा येतो, हरकती मागवल्या जातात आणि तिथल्या लोकांच्या पूर्वापार हक्कांची नोंद करावी लागते. ती नोंद व्हावी म्हणून भांडा. पावसाळ्यात काठच्या उथळ, गवताळ पाण्यात मासे अंडी घालतात आणि तिथेच पक्षी उतरतात. ते पाणी राखलं तर जाळ्यात काही येईल.

अभयारण्याची गोष्ट वेगळी. १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली उद्घोषणा झाली, की दोन महिन्यांत जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी दावा करावा लागतो. तेव्हा मात्र गाफील राहू नका.

आता पैशांचं. ओडिशात चिलिका सरोवरातल्या मासेमारीचा हक्क काही जणांनी असाच तोंडी विकत घेतला होता. १९५५ साली सर्वोच्च न्यायालयाने आनंद बेहेरा खटल्यात सांगितलं, की पाण्यातून मासे धरण्याचा हक्क ही स्थावर मालमत्ता आहे. तोंडी व्यवहाराने तो मिळत नाही. खाऱ्या पाण्याचा तो निकाल तुमच्या तापी-पूर्णेच्या पाण्यालाही लागू. म्हणून हक्क मागू नका, पैसे परत मागा. करार कायद्याचं कलम ६५ त्यासाठीच आहे. दाव्याची मुदत साधारण ३ वर्षांची, तेव्हा वकिलामार्फत नोटीस लगेच पाठवा. पैसे देताना हजर असलेल्यांची नावं, फोनवरचे निरोप, बँकेची नोंद, जे असेल ते जपून ठेवा. सहायक मत्स्यव्यवसाय आयुक्तांच्या कार्यालयातून माहिती अधिकारात ठेक्याच्या अटींची प्रतही घ्या; पाणी पोटभाड्याने द्यायला मनाई असेल, तर तुमची बाजू बळकट होईल.

आणि त्याच संस्थेचं सभासदत्व मागा. सहकार कायद्याने पुरेशा कारणाशिवाय ते नाकारता येत नाही. तीन महिन्यांत निर्णय कळवला नाही, तर तुम्ही सभासद झालात असं धरलं जातं. नकार आला, तर ६० दिवसांत निबंधकांकडे अपील करा. अर्ज देताना पोच घ्यायला विसरू नका. पोच द्यायला कुरकुर केली, तर स्पीड पोस्टाने पाठवा. हे ठेक्याच्या पुढच्या नूतनीकरणाआधी व्हायला हवं.