कुंडीतला भुंगेरा नवा आहे का?

प्रश्न : बाल्कनीतल्या कुंडीत जेमतेम तीन मिलिमीटरचा चकचकीत काळा भुंगेरा सापडला. पाठीवर चार पिवळे ठिपके. मोबाइलवरच्या दोन ॲपना तो ओळखता आला नाही. नवी प्रजाती असेल का? (वाचक, मुलुंड)

उत्तर : असूही शकेल, पण ॲप गप्प बसलं हा काही पुरावा नव्हे. ॲप शिकतं लोकांनी चढवलेल्या फोटोंवरून, आणि एवढ्याशा भुंगेऱ्याचे नीट फोटो काढतो कोण? शिवाय ओळखीच्या खुणा बहुधा पाठीवर नसतातच. पावलाला किती पेरं आहेत, मिशीची शेवटची पेरं फुगीर आहेत का, पोटाची खालची बाजू कशी आहे, हे वरून काढलेल्या फोटोत येत नाही.

ठिपक्यांवर तर अजिबात विसंबू नका. माव्यावर ताव मारणारा सहा ठिपक्यांचा ढालकिडा आपल्याकडे कुठेही दिसतो. डॅनिश कीटकतज्ज्ञ फॅब्रिशियसनं त्याला १७८१ मध्येच नाव दिलं. या एकाच प्रजातीत कुणाच्या पाठीवर नागमोडी पट्टे असतात, कुणाच्या नुसते डाग, तर कुणाची पाठ जवळजवळ काळी. रंग बघून नावं ठेवण्याच्या हौसेपायी जुन्या काळी एकाच किड्याची कितीदा तरी बारशी झाली आहेत. आणि एक विचारतो : कुंडी नर्सरीतून आणली होती का? मग तुमचा पाहुणा मुलुंडचा की मातीबरोबर दुसऱ्याच गावाहून आलेला, हे कसं ठरवणार?

प्रश्न : मी एम.एस्सी. प्राणिशास्त्राची विद्यार्थिनी आहे. नवा भुंगेरा हाती लागला असं वाटलं तर पुढे नक्की काय करायचं असतं? (वाचक, विलेपार्ले)

उत्तर : सापडणं हा त्यातला सोपा भाग. तो आधी कुणीच नोंदवलेला नाही हे दाखवण्यात वर्षं जातात. भुंगेऱ्यांच्या सुमारे चार लाख प्रजातींना नावं मिळालेली आहेत. प्राण्यांच्या दुसऱ्या कुठल्याही गणात एवढी गर्दी नाही. आपली लढाई त्या गर्दीशी.

पहिलं म्हणजे एकावर थांबू नका. नर-मादी मिळून जमतील तेवढे नमुने हवेत, म्हणजे एकाच प्रजातीत किती फरक पडतो ते कळतं. प्रत्येक नमुन्याला जागा, तारीख, गोळा करणाऱ्याचं नाव आणि कसा मिळाला (दिव्यावर, पालापाचोळ्यात, सालीखाली) याची चिठ्ठी लगेच लावा. चिठ्ठीशिवाय नमुना म्हणजे केर. बारीक भुंगेऱ्याला टाचणी सोसत नाही. तो कागदाच्या छोट्या त्रिकोणाच्या टोकावर डिंकानं चिकटवतात आणि टाचणी त्या कागदात खुपसतात. मुंबईच्या दमट हवेत बुरशी दोन दिवसांत धरते, तेव्हा पेटीत सिलिका जेल ठेवा. पेटीवर दुसरं संकट म्हणजे सुके कीटक खाऊन पीठ करणारा किडा, आणि तोही भुंगेराच!

मग चिरफाड. अनेक गटांत बाहेरून सारखे दिसणारे भुंगेरे नराच्या जननेंद्रियाच्या आकारावरून वेगळे काढावे लागतात. नमुना कोमट पाण्यात मऊ करायचा, पोट सोडवायचं, कॉस्टिक पोटॅशच्या द्रावणात मांस विरघळवायचं आणि उरलेला कडक भाग ग्लिसरीनच्या थेंबात सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून त्याचं चित्र काढायचं. फोटोही काढा, पण चित्र स्वतः काढा. हातानं रेघ ओढताना नजर जिथे जाते तिथे नुसतं बघताना जात नाही.

खरा वेळ खातं ते ताडून पाहणं. त्या जीनसमधल्या (म्हणजे जवळच्या प्रजातींच्या गटातल्या) प्रत्येक नोंदवलेल्या प्रजातीशी तुलना हवी. मूळ वर्णनं कधी लॅटिनमध्ये, कधी जर्मन-फ्रेंचमध्ये, तीही दोन-तीन ओळींची. ब्रिटिश काळात आपल्याकडून गेलेले कितीतरी मूळ नमुने लंडनच्या संग्रहालयात आहेत. त्यांचे फोटो मागवावे लागतात किंवा जाऊन बघावे लागतात. आधी मात्र फोर्टमधल्या हॉर्नबिल हाउसची पायरी चढा. तिथे १८८३ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचा संग्रह आहे. पुण्यात झूऑलॉजिकल सर्व्हेचं, म्हणजे सरकारी प्राणी सर्वेक्षण संस्थेचं, केंद्र आहे. माझं मत विचाराल तर नवी प्रजाती जंगलापेक्षा अशा संग्रहांच्या ड्रॉवरमध्ये लवकर सापडते. नमुना गोळा झाल्यापासून त्याला नाव मिळेपर्यंत सरासरी २१ वर्षं जातात, असं २०१२ मधल्या एका अभ्यासात दिसलं.

तरीही तो वेगळाच ठरला, तर एक नमुना ‘होलोटाइप’ म्हणून निवडायचा. पुढे वाद झाला तर निवाडा त्या एकाच किड्यावरून होतो. तो सार्वजनिक संग्रहात जमा करा, घरी ठेवू नका. जैवविविधता कायदा, २००२ प्रमाणे नव्या प्रजातीची माहिती आणि नमुना नेमून दिलेल्या संग्रहाकडे देणं बंधनकारक आहे. नव्या प्रजातीचं वर्णन करणारा शोधनिबंध फक्त ऑनलाइन निघणाऱ्या नियतकालिकात येणार असेल तर झूबँकवर (प्राण्यांच्या शास्त्रीय नावांच्या ऑनलाइन नोंदवहीत) नोंदणीही लागते, नाहीतर नाव धरलंच जात नाही. डीएनए जोडलात तर उत्तमच. पण नुसत्या डीएनएवर ताडून बघायची मेहनत वाचत नाही.

प्रश्न : बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात रविवारी फिरताना किडे गोळा केले तर चालेल? (वाचक, कांदिवली)

उत्तर : नाही. मेलेला उचलायचा तरी वनखात्याची लेखी परवानगी लागते. सोसायटीच्या आवारातल्या दिव्याखाली चादर टांगा. जून-जुलैत तिथेच भरपूर येतील.

प्रश्न : नवी प्रजाती सापडली तर आजीचं नाव देता येईल का? आणि स्वतःचं? (वाचक, डोंबिवली)

उत्तर : आजीचं खुशाल द्या. यशोदा असेल तर शास्त्रीय नावाचा शेवट ‘यशोदाए’ होईल, आजोबा गोविंद असतील तर ‘गोविंदी’. स्वतःचं द्यायला नियमाची आडकाठी नाही, पण असं कुणी करत नाही. केलंच तर लोक हसतात. मात्र विचार करून द्या, कारण छापलं की ते मागे घेता येत नाही. स्लोव्हेनियातल्या गुहांमधल्या एका आंधळ्या भुंगेऱ्याला १९३७ मध्ये हिटलरचं नाव दिलं गेलं. ते अजूनही कायम आहे, आणि त्या नावापायी संग्राहक त्या बिचाऱ्याला चोरून पकडतात.

प्रश्न : एक नवा जीव सापडला म्हणून त्यालाच मारायचं? (वाचक, दादर)

उत्तर : प्रश्न रास्त आहे. मोठ्या प्राण्यांच्या बाबतीत, जिथे मोजकेच जीव उरलेत, तिथे मीही मारू नका म्हणेन. भुंगेऱ्याची गोष्ट वेगळी. पोटातला भाग बघितल्याशिवाय तो कोण हे ठरत नाही, आणि जो कोण हेच ठरलं नाही त्याच्या रक्षणासाठी कुणाकडे अर्ज करणार? मात्र लागतील तेवढेच घ्या. जाळीभर किडे आणून पेटीत भरणाऱ्यांचं मला कौतुक नाही.

प्रश्न : रेशनच्या तांदळात झालेले टोके नव्या प्रजातीचे असू शकतात का? (वाचक, परळ)

उत्तर : शास्त्रीय नावांची पद्धत घालून देणाऱ्या लिनीयसनं त्यांचं नाव १७६३ मध्येच ठेवलंय. तांदूळ उन्हात घाला.