माळवदाच्या जुन्या लाकडातून सरपणाची शेड: आधी वजनाचा हिशोब, मग सुतार

तुमचा प्रश्न मी असा वाचला: लातूर जिल्ह्यातल्या औशाकडच्या गावातलं जुनं माळवद (लाकडी सांगाड्यावर मातीचं सपाट छत असलेलं घर) उतरवलंय, त्यातून सागवानी खांब, तुळया आणि सरे (तुळयांवर टाकायची आडवी लाकडं) चांगल्या अवस्थेत निघालेत, आणि त्यातून 10 बाय 6 फुटांची सरपणाची शेड करायची आहे. लोखंडी अँगल नको, लाकडी सांगाडाच हवा. खांब काँक्रीटमध्ये गाडावेत का, सांधे नट-बोल्टचे करावेत की कुसू-खोबणीचे (एका लाकडाचं कोरलेलं टोक, म्हणजे कुसू, दुसऱ्याच्या भोकात बसवायचे), आणि पाऊस आत येऊ नये म्हणून चारी बाजूंनी पत्रा मारावा का, हे तुम्ही विचारलंय.

तिन्ही उत्तरं देतो, पण त्याआधी एक गोष्ट. माळवदाचा खण, म्हणजे खांब-तुळयांचा सांगाडा, खिळ्याशिवाय पिढ्यान्‌पिढ्या उभा राहतो, त्याचं श्रेय आपण सुताराला देतो. ते त्याला मिळायलाच हवं. पण तो सांधा जागेवर दाबून धरण्याचं काम वरची पांढरी माती करत असते. दीड फुटाचा थर धरला तर एका चौरस मीटरवर 600 ते 700 किलो वजन होतं. त्या ओझ्याखाली खांबाच्या डोक्यावरचं आखूड कुसू तुळईच्या भोकात नुसतं बसवलेलं असलं तरी हलत नाही. तुम्ही त्याच खांबांवर आता पत्रा टाकणार. अर्धा मिलिमीटर जाडीचा पत्रा चौरस मीटरला जेमतेम 5 किलो भरतो. म्हणजे सांगाडा तोच, सांधे तेच, पण त्यांना धरून ठेवणारं ओझं गेलं.

उलट ताशी 100 किलोमीटरचा वारा चौरस मीटरला 45 ते 50 किलोंचा दाब देतो, आणि उघड्या शेडमध्ये तो खालून शिरून छताला वर उचलतो. बाहेर काढलेल्या पागोळ्या धरून तुमचं छत 10 चौरस मीटरचं होईल. हिशोब करा, अर्धा टन जोर वरच्या दिशेनं. वैशाखातल्या वळवाच्या पावसाआधी जो वारा सुटतो त्यात गोठ्यांचे पत्रे दोन वावरं ओलांडून जातात ते यामुळंच. जुन्या सांगाड्याला खालून वर येणारा ताण कधी माहीतच नव्हता. तुमच्या शेडला तो दर उन्हाळ्यात सोसायचा आहे. म्हणून प्रत्येक सांधा वर ओढला तरी सुटणार नाही असा करायचा. पुढचं सगळं यातूनच येतं.

आता खांबाचं बूड. काँक्रीटमध्ये गाडू नका. लाकूड आणि काँक्रीट यांच्यात वर्षभरात बारीक फट पडते, तीत पाणी उतरतं आणि बाहेर पडायला वाट नसते. सागाचा गाभा कितीही चांगला असला तरी जमिनीच्या पातळीला, जिथं ओल आणि हवा दोन्ही मिळतात, तिथंच तो पहिल्यांदा कुजतो. शिवाय तुमच्याकडं काळी माती आहे. उन्हाळ्यात तिच्या भेगांत हात जातो आणि पावसात ती फुगते. वरवरच्या खड्ड्यात उभा केलेला खांब दोन-तीन पावसाळ्यांत कलतोच. काळी माती संपून मुरूम लागेपर्यंत खणा. मुरूम फार खोल असेल तर निदान तीन फूट जा, तळाशी दगड-मुरूम धुम्मसानं ठोकून घ्या आणि वर दीड बाय दीड फुटाचा, दोन फूट खोलीचा काँक्रीटचा ठोकळा भरा. असा एक ठोकळा 300 किलोच्या घरात जातो, म्हणजे सहा खांबांचे सहा ठोकळे वाऱ्याला पुरून उरतात.

ठोकळ्यावर तळखडा, म्हणजे खांबाखालचा दगड, बसवा. माळवदातले तळखडे निघाले असतील तर तेच वापरा, मात्र एक बघा: काही तळखड्यांना वर खांब बसवायची खोबण असते. घरात ती कोरडी राहायची, उघड्यावर तीत पाणी साचेल. ती मॉर्टरनं भरा आणि दगडाचा माथा चारी बाजूंनी किंचित उतरता करा. खांबाचं बूड जमिनीपासून 9 इंच तरी वर राहायला हवं. ठोकळा ओततानाच त्यात 40 बाय 5 मिलिमीटरच्या दोन लोखंडी पट्ट्या उभ्या सोडा, तळखड्याच्या दोन्ही अंगांनी वर आणा आणि खांबाला आरपार दोन बोल्ट मारा. इथं बोल्ट हवेतच, इथं हौस नको.

दगडावर खांब ठेवला की वाळवी येत नाही, असं गावात सांगतात. येते. दगडावरून मातीची बोटभर रुंदीची नळी करून ती वर चढते. फरक एवढाच की ती नळी तुम्हाला दिसते. खांब मातीत गाडलेला असेल तर वाळवी आतून खात राहते आणि कळतं तेव्हा नुसतं कवच उरलेलं असतं. पावसाळ्यात पंधरा दिवसांनी एकदा तळखड्यांवरून नजर फिरवा, नळी दिसली की खरवडून टाका.

सांध्यांबद्दल: वरचे सांधे कुसू-खोबणीचेच करा, तुमच्या लाकडाला तेच शोभतं आणि तेच टिकतं. कुसूची जाडी खांबाच्या एक तृतीयांश धरा. पाच इंची खांबाला दीड इंच जाड आणि निदान तीन इंच लांब. नुसतं बसवून चालणार नाही, मेख (लाकडी खुंटी) मारायची. आणि मेखेच्या भोकाची एक युक्ती आहे, ती सुताराला आवर्जून सांगा. आधी तुळईच्या खोबणीच्या गालातून सहा सुताचं (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) भोक आरपार पाडायचं. मग कुसू आत बसवून त्याच भोकातून गिरमिटाचं टोक टेकवून कुसूवर खूण करायची. कुसू बाहेर काढायचं आणि खुणेवर भोक न पाडता एक सूत खाली, कुसूच्या खांद्याकडं (जिथं कुसू संपून खांबाची पूर्ण जाडी सुरू होते), सरकवून पाडायचं. आता सांधा जोडला की दोन भोकं किंचित हुकलेली असतात. टोक निमुळती केलेली मेख ठोकत गेलात की ती कुसूला खोबणीत ओढत नेते आणि खांदा तुळईला घट्ट भिडतो. हे डोळ्यांनी दिसतं: शेवटच्या दोन ठोक्यांत सांध्यावरची केसाएवढी फट मिटते. मेख पूर्ण वाळलेल्या बाभळीची आणि रेषा सरळ असलेली घ्या. ओली मेख वाळली की ढिली होते.

जुन्या लाकडाला करवत लावण्याआधी लोहचुंबक फिरवा. शंभर वर्षांत कुणी कुठं खिळा ठोकलाय, कंदिलाची कडी कुठं मोडलीय, काही सांगता येत नाही.

आता तिरपे धिरे. खांब आणि तुळई यांच्या कोपऱ्यात 45 अंशांत बसणारा तिरपा तुकडा माळवदात सहसा नसतोच. तिथं जाड भिंती असायच्या, आणि सांगाडा आडव्या धक्क्यानं कलण्याचा विचार कुणी केलेला नव्हता. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती ढासळल्या आणि त्यांच्यासोबत काय गेलं हे औशाच्या माणसाला मी सांगायला नको. त्यानंतर जी घरं पक्की करायची होती त्यांच्यासाठी सुचवलेल्या उपायांत खणाच्या सांगाड्याला असे तिरपे धिरे बसवणं हा एक होता. तुमच्या शेडला तर भिंतीच नाहीत. धिरे नसतील तर सगळा सांगाडा एका अंगाला झुकायला फक्त जोराचा वारा किंवा पाठ घासणारा बैल पुरे. प्रत्येक खांबाला लांबीच्या दिशेनं आणि रुंदीच्या दिशेनंही धिरा द्या, सांध्यापासून दोन्हीकडं दोन-दोन फुटांवर टेकणारा. सुतार म्हणेल, एवढे कशाला, काम वाढतं. वाढू द्या. पैसे कमी पडत असतील तर पत्रा हलक्या प्रतीचा घ्या, पण धिरे गाळू नका.

मापं: सहा खांब, पाच-पाच फुटांचे दोन खण. पुढून साडेसात फूट, मागून सहा, म्हणजे चार फुटांना एक फूट उतार मिळतो. मोसमी पाऊस आपल्याकडं पश्चिम-नैऋत्येकडून येतो, म्हणून उतरती बाजू पश्चिमेला आणि तोंड पूर्वेला. पश्चिमेची पागोळी दीड फूट बाहेर काढा. पत्रा सऱ्यांना जे-हुकनं आवळा, आणि सरे तुळईला नुसते खिळ्यानं न ठोकता पट्टीनं बांधा.

चारी बाजूंनी पत्रा मारू नका. सरपणाचं खरं शत्रुत्व अंगावर उडालेल्या चार थेंबांशी नाही, कोंडलेल्या ओलीशी आहे. ताज्या तोडलेल्या लाकडाच्या वजनात जवळपास निम्मं पाणी असू शकतं. ते 20 टक्क्यांच्या खाली आलं की चूल फारसा धूर न करता पेटते. तोवर लाकडातली काही उष्णता पाणी उकळवण्यातच जाते आणि धूर चुलीपुढं बसणाऱ्या बाईच्या डोळ्यांत आणि छातीत. मला हा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण शेड चांगली झाली की नाही ते स्वयंपाक करणाऱ्या माणसाला कळतं, बांधणाऱ्याला नाही. म्हणून फक्त पश्चिमेला फळ्या मारा, दोन फळ्यांत बोटभर फट ठेवून. बाकी उघडं. खाली दगडांवर आडव्या बल्ल्या टाकून सरपण जमिनीपासून सहा इंच उचला. लाकूड दीड फुटाचे तुकडे करून आणि फोडून रचा, कारण पाणी सालीतून फारसं जात नाही, कापलेल्या तोंडातून जातं. ढीग खांबांना टेकवू नका. पाच फूट उंच रचलं तर बाभळीचं सरपण तीन-चार टन भरेल, आणि घसरलं की धिऱ्यांनाही ऐकणार नाही.

पऱ्हाट्या (कपाशीची वाळलेली झाडं) या शेडमध्ये रचू नका. वाळलेल्या बोंडांत गुलाबी बोंडअळी तग धरून राहते आणि पुढच्या हंगामात तुमच्याच कपाशीवर येते. तुराट्या चालतील. गवऱ्यांचा हुडवा वेगळा ठेवा.

शेड घराच्या भिंतीला लागून नको. ढिगात उंदीर येतात, उंदरांमागं नाग, घोणस येतात, आणि विंचू तर असतोच. रात्री सरपण काढायचं तर बॅटरी हवीच, आणि लेकरांना पाठवू नका. घराच्या दारापासून दिसेल पण चार पावलं दूर राहील अशी जागा बघा.

लाकूड कमी पडलं तर बांधावरची बाभूळ धिऱ्यांना उत्तम, फक्त थंडीत तोडा, साल काढा आणि काही आठवडे पाण्यात बुडवून मग सावलीत वाळवा. त्यानं भुंगा कमी लागतो. सुबाभूळ सांगाड्यात घालू नका. साग, आंबा, चिंच स्वतःच्या रानातली असली तरी तोडण्याआधी परवानगी काढावी लागते. लाकडाच्या उघड्या तोंडांना, विशेषतः खांबांच्या बुडाला, जवसाचं तेल पितील तितकं पाजा. जळकं ऑइल नको, चुलीत जाणाऱ्या सरपणाला ते लागतं.

पाया आत्ता खणून ठेवा म्हणजे काँक्रीट पाणी मारून पुरतं पिकेल, आणि सांगाडा वळवाच्या वाऱ्याआधी उभा करा. अर्धवट उभ्या सांगाड्यावर पत्रे चढवून ठेवू नका. धिरे आणि मेखा पूर्ण झाल्याशिवाय पत्र्याची गाडीच बोलावू नका.