सगळं तुझ्याच डोक्यात कशाला?

या महिन्यात पत्रं बरीच आलीत, त्यातली चार घेतेय. पहिल्यालाच सगळ्यात जास्त जागा जाणार हे आधीच सांगते. नव्या वाचकांसाठी: मी डॉक्टर नाही, थेरपिस्ट पण नाही. माझी लेक सतरा वर्षांची आहे, तिला सेरेब्रल पाल्सी (सीपी, म्हणजे लहानपणीच मेंदूला इजा होऊन हालचालींवर नीट ताबा न राहणं) आहे, ती व्हीलचेअर वापरते आणि एक शब्द न बोलता माझ्याशी कचाकचा भांडते. औषधाचं जे काही असेल ते तुमच्या डॉक्टरांनाच विचारायचं.

ताई, माझा मुलगा साडेतीन वर्षांचा आहे. सातव्या महिन्यातच झाला, वजन ११०० ग्रॅम, ५२ दिवस पेटीत होता. सीपी सांगितलंय, हातपाय चारही कडक, मान नीट धरत नाही, फिटचं औषध चालू आहे, नजर पण एका जागी ठरत नाही. फिजिओवाले म्हणतात रोज दोन तास व्यायाम घ्या, ओटीच्या (ऑक्युपेशनल थेरपी) मॅडम म्हणतात एक तास, स्पीचवाल्या म्हणतात तोंडाचे व्यायाम दिवसातून चार वेळा, डोळ्यांसाठी अंधाऱ्या खोलीत टॉर्च दाखवायला सांगितलाय. एकेक जेवण सव्वा तास चालतं. मिस्टर यंत्रमागावर, एक आठवडा दिवसपाळी एक आठवडा रात्रपाळी. सासूबाई चांगल्या आहेत पण त्याला उचलायलाही घाबरतात. रोज रात्री वाटतं आजही कमीच पडले. यातलं आधी काय करू? – एक आई, इचलकरंजी

तुला एकेरीतच लिहिते, रागावू नकोस. तुझं पत्र समोर ठेवून मी कागदावर बेरीज केली. व्यायाम दोन तास, ओटी एक, तोंडाचे व्यायाम पंधरा मिनिटांचे धरले तरी चार वेळचा एक तास, टॉर्चचा अर्धा. झाले साडेचार. चार वेळचं खाणं सव्वा तासाप्रमाणे पाच तास. म्हणजे साडेनऊ तास संपले आणि यात आंघोळ नाही, शी-शू नाही, त्याची झोप नाही, स्वयंपाक नाही, तुझं जेवण तर नाहीच नाही. ही बेरीज त्या चौघांपैकी एकानेही केलेली नसणार, कारण प्रत्येकाला आपापला तुकडा दिसतो, अख्खा दिवस फक्त तुलाच दिसतो. पुढच्या वेळी प्रत्येकाला सरळ सांग, माझ्याकडे तुमच्यासाठी रोजची वीस मिनिटं आहेत, त्यात कुठली एक गोष्ट करू? चांगला थेरपिस्ट असेल तर लगेच सांगेल. जो चिडेल त्याच्याबद्दल आपण काय समजायचं ते समजायचं.

आता आधी काय. माझ्या मते खाणं, बाकी सगळं त्याच्या मागून. एक जेवण रोजच अर्ध्या तासाच्या वर जात असेल तर त्यात मुलाचा हट्ट नाही नि तुझा आळस नाही, गिळायला त्रास होतोय का हे बघायची वेळ झालीय एवढाच अर्थ. खाताना खोकतो का, डोळ्यात पाणी येतं का, खाऊन झालं की आवाज घुरघुरतो का, छातीत कफ होऊन सारखा दवाखाना होतो का, हे आठवडाभर लिहून ठेव आणि डॉक्टरांना दाखव. काही मुलांचा घास श्वासनलिकेत जातो आणि ती खोकत पण नाहीत, म्हणून खोकला नाही याचा अर्थ सगळं ठीक असा धरू नकोस. गिळताना घास कुठे जातो हे एक्स-रेवर बघायची तपासणी असते, तिच्याबद्दल विचार.

आणि बसवतेस कसं ते सांग बरं. आपल्याकडे मूल मांडीवर आडवं घ्यायचं, मान मागे टाकायची आणि चमचा ओतायचा, मी पण तेच केलं दोन वर्षं. मग एका ओटीच्या बाईंनी आमच्या घरी येऊन खुर्ची लावून दिली ती मला अजून दिसते डोळ्यासमोर. प्लास्टिकची छोटी खुर्ची, गुडघ्याकडून मांड्यांखाली टॉवेलची गुंडाळी म्हणजे पोरगी पुढे घसरत नाही, पाय लटकू नयेत म्हणून खाली देवघरातला पाट, दोन्ही बाजूंना उशा. त्या स्वतः तिच्यासमोर खाली बसल्या, तिच्या नजरेच्या खाली. चमचा वरून आणला की मूल वर बघतं, वर बघितलं की मान मागे जाते आणि घास थेट घशात. चमचा समोरून, खालच्या बाजूने आणायचा, जिभेवर ठेवायचा आणि ओठ मिटेपर्यंत थांबायचं. ते थांबणंच अवघड असतं, हात आपोआप पुढे जातो. वरणभात दाट कालवलेला, वरून चमचाभर तूप म्हणजे कमी घासांत जास्त ताकद. पातळ पदार्थ जास्त घसरतात, पाणी सगळ्यात जास्त, त्यामुळे पाण्याचं काय करायचं ते तुझ्या थेरपिस्टकडून नीट शिकून घे. आणि उद्या समजा डॉक्टर म्हणाले की पोटातून नळी घालू, तर रडून घे पण लगेच नाही म्हणू नकोस. नळी घातल्यावर वजन भरलेली, हसायला लागलेली मुलं मी बघितलीत, आणि तोंडाने चव घेणं बऱ्याच जणांचं चालू राहतं.

दोन गोष्टी कुणी आपणहून सांगत नाही म्हणून सांगते. एक, पोट साफ होतंय का? या मुलांना बद्धकोष्ठ फार असतं, चार-चार दिवस शी नाही, मग भूक नाही, चिडचिड, अंग अजून कडक, आणि आपण म्हणतो आज थेरपीला साथच देत नाही. दुसरं, खुब्याचा एक्स-रे. जी मुलं चालत नाहीत त्यांचा खुबा हळूहळू सांध्यातून सरकू शकतो, सुरुवातीला दुखत पण नाही, म्हणून ठरावीक महिन्यांनी एक्स-रे काढून बघतात. तुझ्या मुलाचा निघाला नसेल तर पुढच्या फॉलोअपला तूच विषय काढ.

व्यायाम वेगळा ‘घ्यायचा’ असं ठेवू नकोस, तो अंगाला तेल लावताना, चड्डी बदलताना, कडेवर घेताना होऊ दे, कसं ते फिजिओकडून एकदा शिकून घे. नजरेसाठी टॉर्चच पाहिजे असं नाही, काळ्या साध्या चादरीवर एकच पिवळी वाटी ठेव आणि थांब. नुसत्या जीभ-ओठांच्या व्यायामाने बोलणं येतं याला मला तरी फारसा आधार दिसलेला नाही, त्यापेक्षा दोन हातांत दोन वस्तू धरून ‘केळं की बिस्किट’ विचार आणि नजर कुठे जाते ते बघ. ते बोलणंच आहे.

सासूबाई घाबरतात कारण सगळी माहिती तुझ्याच डोक्यात आहे. माझं पण तसंच होतं. लेक पाच वर्षांची असताना मला डेंग्यू झाला, सहा दिवस ॲडमिट. घरी नवरा दोन सिरपच्या बाटल्या घेऊन ओट्यापाशी उभा, एकीचा डोस मिलिग्रॅममध्ये लिहिलेला, दुसरीचा चमच्यात, आणि मी फोन उचलत नव्हते कारण माझी बॅटरी संपली होती. शिकलेला माणूस, इंजिनीअर, पण त्याने घाबरून औषध दिलंच नाही आणि पहाटे तिला फिट आली. त्याच्यावर खूप चिडले मी. नंतर लक्षात आलं, कधी सांगितलं होतं मी त्याला?

तर एक मोठा कागद घे. वर वजन आणि तारीख. खाली प्रत्येक औषध, किती वाजता, किती मिलिग्रॅम आणि किती एमएल, दोन्ही लिही, कारण वेगवेगळ्या सिरपची स्ट्रेंथ वेगळी असते आणि दुकानदाराने दुसऱ्या कंपनीची बाटली दिली की गोंधळ होतो. घरातल्या चमच्याने नाही, सिरिंजने मोजायचं. मग कसा बसवायचा याचा फोटो चिकटव. फिट कशी दिसते, तेव्हा काय करायचं. कुठलं रडणं कशाचं. त्याला काय आवडतं हे पण लिही, ते डॉक्टरांच्या फाइलमध्ये नसतं. कागद फ्रिजवर लाव आणि सासूबाईंना आधी फक्त एक गोष्ट दे, समज चारचं नाचणीचं सत्व. पहिले काही दिवस तू शेजारी बस पण हात लावू नकोस. मग बाहेरच्या खोलीत जा. मग किराणा आणायला जा. त्या तुझ्यासारखं करणार नाहीत, थोडं सांडेल, चालेल. मिस्टर रात्रपाळीच्या आठवड्यात दिवसा घरी असतात ना, त्यांची झोप झाली की आंघोळ त्यांच्याकडे.

आणि हो, सरकारी डीईआयसी म्हणजे जिल्ह्याचं शीघ्र हस्तक्षेप केंद्र माहीत आहे का? २०१३ साली राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला त्यातलं आहे, शून्य ते अठरा वर्षांच्या मुलांसाठी, फुकट, आणि वेगवेगळे तज्ज्ञ एका छताखाली असावेत हीच त्याची कल्पना. तुमच्याकडे कुठे आहे ते अंगणवाडीत विचार. चार ठिकाणी फिरण्यातली एखादी फेरी वाचली तरी खूप.

माझी नात दोन वर्षांची आहे, तिला फिट येते. मी कांदा हुंगवते, चप्पल हुंगवते, दातखीळ बसू नये म्हणून चमचा घालते. सून माझ्यावर ओरडते. आमच्या वेळी हेच करायचे आणि थांबायची की हो फिट! – एक आजी, नाशिक जिल्हा

आजी, थांबायची हे खरंच आहे. पण बहुतेक फिट दोन-तीन मिनिटांत आपल्याआपण थांबतात, कांदा शोधून फोडेपर्यंत तेवढा वेळ झालेलाच असतो आणि श्रेय कांद्याला जातं. कांद्याने फार नुकसान नाही, फक्त वेळ जातो, पण चमच्याने होतं. दात तुटतो, तुकडा घशात जातो, तुमचं बोट चावलं जातं. जीभ गिळली जाते असं काही नसतं. पाणी तर अजिबात पाजू नका.

तुम्ही काय करायचं ते सांगते, आणि हे तुम्ही सुनेपेक्षाही चांगलं कराल कारण तुम्ही धीराच्या आहात. नातीला कुशीवर वळवा म्हणजे लाळ बाहेर येईल, डोक्याखाली मऊ काहीतरी, गळ्याशी घट्ट असेल ते सैल, हातपाय दाबून धरायचे नाहीत. आणि पहिल्या क्षणाला घड्याळ बघा. पाच मिनिटं झाली तरी थांबली नाही, किंवा एक थांबून शुद्ध यायच्या आत दुसरी आली, तर लगेच दवाखाना, १०८ ला फोन. बऱ्याच मुलांना अशा वेळी नाकात मारायचा मिडाझोलामचा स्प्रे डॉक्टर लिहून देतात, तुमच्या नातीसाठी दिलाय का, तो घरात कुठे ठेवलाय, हे सुनेला आजच विचारा. घरातल्या कुणीतरी मोबाइलवर शूटिंग केलं तर डॉक्टरांना फार उपयोग होतो. आणि फिट येत नाहीत आता म्हणून औषध आपल्या मनाने बंद करायचं नाही, कुणी कितीही जाणता सांगो.

तुम्ही विचारलं नाहीत पण पत्राच्या शेवटी लिहिलंय की सुनेने ग्रहण पाळलं नव्हतं. आजी, ग्रहणाने फिट येत नाही. हे तुम्ही सुनेसमोर एकदा मोठ्याने म्हणालात ना, तर ती ओरडायची थांबेल असं मला वाटतं.

धाकट्याला ऑटिझम आणि सोबत फिट्सचा त्रास. मोठी नऊ वर्षांची, अतिशय समजूतदार. हल्ली त्याच्या थेरपीची वेळ झाली की तिच्या पोटात दुखतं. डॉक्टर म्हणाले काही नाही. नाटक समजायचं का? – ठाणे

नाटक नाही हो, दुखतं तिला. तुमच्या पत्रातला ‘अतिशय समजूतदार’ हा शब्दच मला टोचला. आमचा मोठा पण असाच समजूतदार होता, सगळे कौतुक करायचे. चौथीत त्याच्या बाईंनी बोलावून सांगितलं की फळ्यावरचं तो शेजारच्याच्या वहीतून उतरवतो. डोळे तपासले तर दोन्हीला नंबर. म्हटलं बोलला का नाहीस रे, तर म्हणे तुम्ही तसंही रोजच दवाखान्यात असता. मी रिक्षात बसून रडले, तो मला पाणी देत होता, म्हणजे तिथेही समजूतदारपणाच.

रोज नाही जमणार, आठवड्यातला एक ठरलेला तास तिचा, त्यात धाकट्याचा विषय नाही, फोन नाही, आणि तो तास थेरपीसाठी रद्द करायचा नाही. तिला भावाचा राग येतो हे तिने म्हटलं तर ‘असं बोलू नये’ म्हणू नका, ऐकून घ्या. त्याला काय झालंय ते तिला नऊ वर्षांच्या भाषेत सांगा, कारण न सांगितलं तर मुलं स्वतःच काहीतरी भयंकर ठरवून टाकतात, माझ्यामुळे झालं, मलाही होईल, वगैरे. त्याची जबाबदारी पुढे तुझी हे वाक्य घरात कुणी तिच्यासमोर काढलं तर तिथल्या तिथे थांबवा.

मुलगी चार वर्षांची, सीपी. लोक म्हणतात दिव्यांगत्वाचं सर्टिफिकेट काढलं की शिक्का बसतो. बायकोला नको आहे. काढावं का, काय फायदा? – एक बाबा, नागपूर

काढा. शिक्का कागदावर बसतो, मुलीवर नाही, आणि तो कागद तुम्ही गळ्यात घालून फिरणार नाही. यूडीआयडीसाठी, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्रासाठी, स्वावलंबन पोर्टलवर अर्ज होतो, मग सरकारी दवाखान्यात तपासणी. मेडिकल बोर्डाचा वार आधी विचारून जा, नाहीतर मुलीला घेऊन फुकट फेरी होते. लहान मुलांना बऱ्याचदा ठरावीक मुदतीचं मिळतं, घाबरू नका, नंतर परत तपासतात.

फायदा म्हणाल तर नॅशनल ट्रस्ट या केंद्र सरकारच्या संस्थेची निरामय ही आरोग्य विम्याची योजना आहे, वर्षाला एक लाखापर्यंत, ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता या चौघांसाठी, आधी वैद्यकीय तपासणी मागत नाहीत आणि थेरपीचा खर्चही त्यात मर्यादेत बसतो, जो साध्या मेडिक्लेममध्ये सहसा बसत नाही. आयकरात अवलंबून असलेल्या दिव्यांगासाठीची वजावट (१९६१ च्या कायद्यातलं कलम ८०डीडी), दिव्यांगत्व ४० टक्क्यांपासून ७५,००० आणि ८० टक्के किंवा वर असेल तर १,२५,०००, पण जुनी कररचना घेतली तरच. शिवाय २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याप्रमाणे ४० टक्के किंवा जास्त असेल तर सहा ते अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे, दोन वर्षांनी शाळा शोधायला लागाल तेव्हा हे लागेलच.

बायकोच्या मागे लागू नका. अर्ज तुम्ही भरा, रांगेत तुम्ही उभे राहा. मूळ कागद कुणालाही देऊ नका, झेरॉक्सचे चार संच करून ठेवा, आणि पोरीचा फोटो जरा हसरा काढा. आमच्या लेकीच्या कार्डावरचा फोटो बघून ती अजून माझ्यावर डाफरते.